होल्बेर्गचा काळ आणि ग्रीगची तंतुवाद्यमालिका : एका 'जुन्या धाटणी'चा ऐतिहासिक विचार

इ. स. १८८४ च्या डिसेंबर महिन्याच्या ३ तारखेस नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेर्गेन या बंदराच्या शहरी लुड्विग होल्बेर्ग या नाटककाराच्या पुतळ्याचे अनावरण झाले. होल्बेर्गचा जन्म याच शहरी १६८४ साली ३ डिसेंबर रोजी झाला होता; म्हणजे हा त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीचा समारंभ होय. त्या प्रसंगी उघड्यावर, ऐन हिवाळ्यात, पुरुषगायकांच्या वृंदाने एक स्तुतिपर कँटाटा गायिला. त्याचे शब्द नॉर्डाल रोल्फ्सेन याचे आणि संगीत एड्वर्ड ग्रीग याचे होते. ग्रीगही बेर्गेनचाच. चार दिवसांनी, ७ डिसेंबर रोजी, त्याने त्याच शहरात आपली दुसरी एक रचना पियानोवर वाजवून दाखविली. तिचे नाव 'होल्बेर्गच्या काळातून', आणि उपशीर्षक 'जुन्या धाटणीची मालिका'. पुढील वर्षाच्या मार्च महिन्यात तीच रचना तंतुवाद्यवृंदासाठी नव्याने मांडून त्याने बेर्गेन येथे स्वतःच्या संचालनाखाली सादर केली. समारंभासाठी मुद्दाम केलेला कँटाटा समारंभाबरोबरच मागे पडला. ही दुसरी रचना, ओपस ४०, मात्र जगभरच्या तंतुवाद्यवृंदांच्या नित्य संग्रहात आजही आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास या रचनेत एक विशेष प्रश्न दिसतो. शीर्षकात एका कालखंडाचा निर्देश आहे, आणि रचनेची अंगे त्या कालखंडातील नृत्यप्रकारांची आहेत. तेव्हा तिला त्या कालखंडाचे साधन म्हणावे काय? याचे उत्तर अर्थातच नकारार्थी आहे. चिटणिशी बखर शिवकालाविषयी जितके सांगते तितकेच, किंबहुना काही बाबतीत अधिक, ती लिहिली गेली त्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाविषयी सांगते, हे आपणांस परिचित आहे. परंतु एवढा नकार देऊन अभ्यासकाचे काम संपत नाही. १८८४ साली नॉर्वेतील एका संगीतकाराला अठरावे शतक कसे दिसत होते, त्यातील काय त्याने उचलले व काय वगळले, याचे हे समकालीन व अस्सल साधन आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार याच अंगाने करावयाचा आहे. संगीताचे तांत्रिक विवेचन त्यास लागेल तेवढेच येईल.

प्रथम होल्बेर्ग कोणाचा, हे पाहणे अवश्य आहे. तो जन्माने नॉर्वेचा. परंतु तरुणपणीच तो स्वदेश सोडून गेला आणि पुढे नॉर्वेत राहावयास परत आला नाही. त्याचे सर्व कर्तृत्व कोपनहेगन येथे घडले. तेथील विद्यापीठात तो १७१७ साली तत्त्वज्ञानाचा, पुढे लॅटिनचा आणि १७३० पासून इतिहासाचा प्राध्यापक झाला. १७२२ साली कोपनहेगनमध्ये डॅनिश भाषेतील रंगभूमी उभी राहिली तिला सुखात्मिका पुरविण्याचे काम त्याने केले. 'राजकारणी तांबट', 'डोंगरावरचा येप्पे', 'जाँ द फ्रांस' ही नाटके त्याच वर्षीची. १७४७ मध्ये त्याला बॅरनची पदवी मिळाली आणि १७५४ साली तो कोपनहेगन येथेच वारला. त्या काळी डेन्मार्क व नॉर्वे एकाच राजाच्या छत्राखाली असल्यामुळे तो डॅनिश की नॉर्वेजियन हा प्रश्न त्याच्या हयातीत आजच्या अर्थाने उद्भवतच नव्हता.

हा प्रश्न निर्माण केला तो १८१४ सालाने. कील येथील तहान्वये नॉर्वे डेन्मार्कपासून तुटला. त्याच वर्षी १७ मे रोजी त्याने आपली राज्यघटना केली, पण अखेर त्याला स्वीडनच्या राजाशी संयोग पत्करावा लागला, आणि तो संयोग १९०५ पर्यंत टिकला. एक राष्ट्र म्हणून मागे वळून पाहू लागलेल्या नॉर्वेजियनांना आपल्या वाङ्मयाचा मधला प्रदीर्घ काळ डॅनिश भाषेने व्यापलेला आढळला. त्यात होल्बेर्गसारखा पुरुष आपला म्हणावा तर त्याची भाषा, रंगभूमी आणि समाधिस्थान ही सारी डेन्मार्कमध्ये. सोडून द्यावा तर तेवढ्या तोलाचा दुसरा कोणी नाही.

१८८४ हे वर्षही सामान्य नव्हते. त्या वर्षी राजाच्या मंत्रिमंडळावरील महाभियोगाचा निकाल लागून जूनमध्ये योहान स्व्हेर्ड्रुप याचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि नॉर्वेत संसदीय शासनपद्धतीस प्रारंभ झाला. पुढील वर्षी, म्हणजे ग्रीगने आपली मालिका तंतुवाद्यांसाठी मांडली त्याच १८८५ साली, ग्रामीण बोलींवरून घडविलेल्या 'लान्समोल' या भाषेला संसदेने जुन्या, डॅनिश वळणाच्या भाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. ग्रीगची सहानुभूती या सर्व प्रकरणी उदारमतवादी पक्षाकडे होती. याच पार्श्वभूमीवर बेर्गेनमध्ये डॅनिश भाषेत लिहिणाऱ्या होल्बेर्गचा पुतळा उभा राहिला, आणि तो घडविणारा योन बोर्येसोन हा शिल्पकार स्वीडिश होता! राष्ट्रीय उत्सव बहुधा असेच उसन्या हातांनी पार पडतात.

ग्रीगने आजवर कोणत्या मार्गाने प्रवास केला होता हे ध्यानात घेतले म्हणजे या मालिकेचे वैचित्र्य अधिक जाणवते. १८६० नंतरच्या दशकात कोपनहेगनला असताना रिकार्ड नूर्द्राक या तरुण मित्राच्या सहवासाने तो राष्ट्रीय संगीताकडे वळला. या मालिकेपूर्वीची त्याची तंतुवाद्यवृंदासाठी केलेली रचना, 'दोन शोकगीते', ओपस ३४, ही आ. ओ. विन्ये या लान्समोल कवीच्या कवितांना दिलेल्या स्वतःच्याच चालींवरून तयार झाली होती. म्हणजे गज फिरणाऱ्या त्याच वाद्यांना चारपाच वर्षांपूर्वी त्याने खेड्यातल्या भाषेतील काव्य गावयास लावले, आणि आता त्यांच्याकडून फ्रेंच दरबारातील नृत्ये वाजवून घेतली. राष्ट्रीय चाली त्याला सहज सुचत असता त्याने त्या येथे बाजूस का ठेवल्या? माझ्या मते याचे कारण खुद्द होल्बेर्गमध्ये आहे. होल्बेर्ग हा कोणत्याही लोकगीतातून उभा करता येण्यासारखा माणूस नव्हता. तो मोलियेरच्या परंपरेतला, युरोपभर हिंडलेला, ऑक्सफर्डला वाचन केलेला, 'नील्स क्लिमचा भूगर्भप्रवास' ही आपली कादंबरी लॅटिनमध्ये लिहून १७४१ साली लायप्झिगला छापून घेणारा विद्वान होता. त्याला पहाडी चालींचा पोशाख चढविणे हे इतिहासाशी विसंगत झाले असते. ग्रीगने ते केले नाही. राष्ट्रवादी संगीतकार म्हणून त्याची जी ठरीव प्रतिमा आहे तीत ही विवेकबुद्धी क्वचितच नमूद होते.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. त्याच १८८४ साली कोपनहेगनच्या होल्बेर्ग-उत्सवासाठी नील्स गाडे या ज्येष्ठ डॅनिश संगीतकाराने 'होल्बेर्गियाना' नावाची वाद्यवृंदमालिका रचली. गाडे हा ग्रीगच्या तारुण्यातील मार्गदर्शकांपैकी एक. पुतळ्यावर व भाषेवर दोन्ही राष्ट्रांचा हक्क असल्याप्रमाणे संगीतातही दोन्ही राजधान्यांनी (बेर्गेन ही राजधानी नव्हे, पण होल्बेर्गच्या बाबतीत तिचाच मान) एकाच पुरुषासाठी 'मालिका' हाच आकृतिबंध निवडला. अठराव्या शतकाची आठवण करावयाची तर मालिका लिहावी, असा एक संकेतच त्या पिढीत रूढ झाला होता, असे यावरून दिसते. फ्रान्समध्ये दलीब याने १८८२ साली एका नाटकासाठी जुन्या धाटणीची नृत्ये लिहिली होती, आणि व्हेंसां दँदी याची 'जुन्या धाटणीची मालिका' १८८६ मधील आहे.

हा संकेत आला कोठून? ग्रीग १८५८ ते १८६२ या काळात लायप्झिगच्या संगीतविद्यालयात शिकला. ते विद्यालय मेंडेल्सझोनने १८४३ साली, म्हणजे ग्रीगच्या जन्मवर्षीच, स्थापन केले होते; आणि बाखच्या विस्मृत झालेल्या 'मॅथ्यू पॅशन'चे १८२९ मध्ये पुनरुज्जीवन करणारा मेंडेल्सझोन तो हाच. बाखचे समग्र संगीत मूळ हस्तलिखिते ताडून छापण्यासाठी १८५० साली लायप्झिगलाच एक मंडळी स्थापन झाली व तिचे खंड पुढे सुमारे अर्धशतक निघत राहिले. फ्रीड्रिख क्रिझांडर याने हेंडेलच्या समग्र प्रकाशनास १८५८ पासून आरंभ केला. कूपरँच्या वाद्यरचनांच्या संपादनास ब्राम्झसारख्या संगीतकाराने हात लावला. आपल्याकडे राजवाड्यांनी दप्तरे धुंडाळून साधने छापण्यास प्रारंभ केल्यावर पेशवाईचे चित्र जसे पालटले, तसेच काहीसे युरोपीय संगीतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले. 'जुनी धाटणी' ही कल्पना मुळात या छापील साधनांची अपत्य आहे. होल्बेर्गच्या हयातीत 'जुन्या धाटणीची मालिका' कोणी लिहिली नसती. तेव्हा ती चालू धाटणी होती.

आता मालिकेच्या अंगांकडे वळू. ती पाच आहेत: प्रेल्यूड, साराबांद, गाव्होत (तिच्या पोटात म्यूझेत), एअर आणि रिगोदों. यांपैकी पहिले व चौथे ही नृत्ये नव्हेत. बाखच्या काळातील जर्मन मालिकेत आलमांद, कुरांत, साराबांद व जीग या चार नृत्यांचा क्रम बहुधा सांभाळलेला असतो. ग्रीगने त्यांपैकी केवळ साराबांद ठेवली. त्याची निवड फ्रान्सकडे झुकलेली आहे, आणि होल्बेर्ग हा मोलियेरचा शिष्य असल्याने ती अनुचितही म्हणता येत नाही.

या नृत्यांपैकी साराबांदचा इतिहास एवढा बोधप्रद आहे की त्यासाठी थोडे थांबलेच पाहिजे. या नृत्याचे प्राचीनतम उल्लेख सोळाव्या शतकातील स्पेनच्या अमेरिकन वसाहतींमधून येतात. स्पेनमध्ये ते आले तेव्हा ते द्रुत लयीचे, गाण्यासह होणारे आणि शृंगारिक हावभावांमुळे कुप्रसिद्ध असे नृत्य होते. १५८३ साली त्यावर बंदी आली. स्पेनचा प्रख्यात इतिहासकार व जेझुइट पंडित हुआन द मारियाना याने लोकरंजनाच्या प्रकारांवर लिहिलेल्या ग्रंथात त्याची कठोर निंदा केली. हेच नृत्य सतराव्या शतकात फ्रेंच दरबारी पोचल्यावर हळूहळू मंदावत गेले. तीन मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या मात्रेवर रेंगाळणारी, गंभीर, जवळजवळ शोकमय अशी साराबांद जी बाख-हेंडेलांकडे आढळते ती या परिवर्तनाच्या शेवटची अवस्था होय. ग्रीगला ठाऊक असलेली साराबांद हीच. ज्याला आपण 'जुने' म्हणतो त्याच्या आतही असा कालक्रम असतो, आणि अनुकरण करणारा बहुधा त्याच्या अखेरच्या पायरीवरूनच ते उचलतो. बंदी घातलेल्या त्या नाचाचा ठसकाही ग्रीगच्या साराबांदेत उरलेला नाही.

गाव्होत व रिगोदों ही दोन्ही नृत्ये दक्षिण फ्रान्समधील, पहिले दोफिने प्रांताशी व दुसरे प्रोव्हांसशी जोडले जाणारे; दोन्ही खेड्यांतून उठून राजदरबारी जाऊन बसली. म्यूझेत हे मूळ एका फ्रेंच बॅगपाइपचे नाव. त्या वाद्याचा अखंड चालणारा आधारस्वर ग्रीगच्या म्यूझेतमध्ये खालच्या तारांवर धरलेला आहे. तंबोऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानांना तो भाग चटकन आपलासा वाटतो. एअर हे अंग मायनर स्वरसमूहात असून त्यावर 'धार्मिक वृत्तीने, संथ' अशी सूचना आहे. बाखच्या तिसऱ्या वाद्यवृंदमालिकेतील प्रसिद्ध एअरची छाया त्यावर आहे.

मग यात जुने नाही ते कोणते? एक गोष्ट ऐकताक्षणी ध्यानात येते: हार्प्सिकॉर्ड नाही. होल्बेर्गच्या काळी तंतुवाद्यांच्या समुदायाबरोबर हार्प्सिकॉर्ड किंवा तत्सम वाद्य खालच्या स्वरांच्या आधारे मधले स्वर भरीत असे. केवळ गजाच्या वाद्यांचा, स्वतःच्या बळावर पूर्ण असा वृंद ही एकोणिसाव्या शतकाची आवड होय. द्व्होर्झाक (१८७५) व चायकोव्ह्स्की (१८८०) यांच्या तंतुवाद्य-सेरेनेड या ग्रीगच्या रचनेच्या खऱ्या शेजारणी आहेत. दुसरे म्हणजे नाजूक कुजबुजीपासून पूर्ण गर्जनेपर्यंत नाद क्रमाक्रमाने फुगविण्याची रीत, आणि खालच्या भागांतून अर्ध्या अर्ध्या स्वराने सरकणारी स्वरसंगती. ही दुसरी तर ग्रीगची सहीच. त्याने एका पत्रात या रचनेची थट्टा करताना तिला टोपाची, म्हणजे अठराव्या शतकातील पावडर लावलेल्या कृत्रिम केसांच्या टोपाची, रचना म्हटले आहे. आणि कधीमधी स्वतःचे व्यक्तिमत्त्व झाकून ठेवण्याचा सराव बरा, अशा अर्थाचेही तो म्हणतो. टोप त्याने घातला खरा, पण त्याखालचा चेहरा पहिल्या दहापाच आवर्तनांतच ओळखू येतो.

पियानोची प्रत आणि तंतुवाद्यांची प्रत शेजारी ठेवून पाहणे विद्यार्थ्यांना विशेष उपयुक्त होईल. प्रेल्यूडमध्ये पियानोवर दोन्ही हातांत वाटून घेतलेली, सुट्या स्वरांची अखंड धाव आहे; ती हार्प्सिकॉर्डच्या जुन्या प्रेल्यूडांशी नाते सांगते. तंतुवाद्यांसाठी मांडताना ग्रीगने ती धाव तशीच ठेवली नाही. एक लांब व दोन आखूड अशा घोड्याच्या टापांसारख्या लयीत एकेक स्वर पुनःपुन्हा उच्चारून त्याने तिला गजाच्या स्वभावाचे केले. परिणामी जुन्या संगीताशी असलेले साम्य कमी झाले आणि वाद्यांचे तेज वाढले. आज मालिका ज्या आवेगासाठी प्रिय आहे तो आवेग या फेरबदलात आहे. कालसादृश्य आणि वाद्यधर्म यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्याने वाद्यधर्म निवडला.

याहून महत्त्वाचा प्रश्न वगळलेल्या गोष्टींचा. होल्बेर्गचा काळ म्हणजे केवळ टोप आणि गाव्होत नव्हे. 'जाँ द फ्रांस' या सुखात्मिकेत पॅरिसहून परतलेला हान्स फ्रान्सेन हा कोपनहेगनचा तरुण फ्रेंच नाव, फ्रेंच बोलणे आणि फ्रेंच नाचाची ऐट मिरवितो व अखेर फजीत पावतो. म्हणजे ज्या नृत्यांनी ग्रीगने होल्बेर्गला मानवंदना दिली त्या नृत्यांच्या वेडाची खुद्द होल्बेर्गने यथेच्छ टर उडविली होती. याला ग्रीगची अनवधानता म्हणावयाची की सूक्ष्म विनोद? मला विनोदाचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, कारण मालिकेची अखेरची रिगोदों ही उघड उघड हास्यरसाची आहे.

दुसरी वगळलेली गोष्ट याहून गंभीर. १७२८ साली कोपनहेगनला मोठी आग लागली आणि रंगभूमी बंद पडली. त्यानंतर १७३० मध्ये गादीवर आलेला सहावा क्रिस्तियन हा पायटिस्ट पंथाच्या कडक धर्मनिष्ठेचा पुरस्कर्ता होता. त्याच्या अमदानीत नाटकांना वाव राहिला नाही, आणि १७३५ च्या रविवारविषयक फर्मानाने करमणुकीवर निर्बंध आले. १७४६ मध्ये पाचवा फ्रेडरिक राज्यावर आला तेव्हा कुठे रंगभूमीला पुन्हा श्वास घेता आला. म्हणजे होल्बेर्गच्या प्रौढ आयुष्यातील जवळजवळ दोन दशके ही नाटक-नाचाच्या दुष्काळाची होती. त्या काळात तो मुख्यतः इतिहास आणि नीतिपर निबंध लिहीत होता. ग्रीगच्या मालिकेत या दुष्काळाचा मागमूस नाही. एअरमधील धार्मिक गांभीर्याचा संबंध पायटिझमशी जोडण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. ते गांभीर्य बाखकडून आलेले आहे. १८८४ च्या उत्सवाला हसतमुख होल्बेर्ग हवा होता, आणि मालिकेनेही तोच पुरविला.

नॉर्वेबाहेर ही रचना 'होल्बेर्ग सुईट' या आटोपशीर नावाने ओळखली जाते. शीर्षकातील 'काळ' गळून पडल्याने ती होल्बेर्गचे किंवा त्याच्या पात्रांचे संगीतचित्र असावे असा समज होतो. वस्तुतः तीत ना येप्पे आहे, ना तांबट. ग्रीगचे शीर्षक अधिक काटेकोर होते.

आता रिगोदोंविषयी. येथे एकटे व्हायोलिन व एकटा व्हिओला जलद धावत जातात आणि बाकीचा वृंद बोटांनी तारा छेडून साथ देतो. हे ऐकताना नॉर्वेतील ग्रामीण वादकाची आठवण होते असे अनेकांनी म्हटले आहे. मालिका १८८४ च्या उन्हाळ्यात लोफ्थुस येथे लिहिली गेली. हे गाव हार्डांगेर खोऱ्यातील उल्लेन्सव्हांग परगण्यात येते. ज्या हार्डांगेर फिडलवर १६५१ हे साल घातलेले आहे ती याच परगण्यातली. वाजविण्याच्या तारांखाली झणकारणाऱ्या तरफा हे या वाद्याचे वैशिष्ट्य असून सारंगी जाणणाऱ्या वाचकास ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा स्थळाचा पुरावा अनुकूल आहे. स्वरांचा पुरावा तितकासा नाही: रिगोदोंमध्ये तरफांचा झणत्कार नाही, जोडतारांवरची पहाडी चाल नाही, मोजमाप फ्रेंच नृत्याचेच आहे. वृत्ती खेडुताची, वेश दरबारी, एवढेच म्हणणे युक्त.

ही सावधगिरी बाळगण्यास आणखी एक आधार आहे. पुढे १९०२–०३ मध्ये ग्रीगने खरोखरीची हार्डांगेर नृत्ये, 'स्लोत्तेर', ओपस ७२, हाती घेतली. वृद्ध वादक क्नुट दाले याने ती वाजविली, योहान हाल्व्होर्सेनने ती ऐकून व्हायोलिनसाठी टिपून घेतली, आणि ग्रीगने त्या टिपणांवरून पियानोची रचना केली. दोन्ही लायप्झिगच्या पेटर्स या प्रकाशनसंस्थेने बरोबरच छापली, त्यामुळे दालेच्या वादनाच्या टिपणात काय होते आणि ग्रीगने काय घातले हे आज पानागणिक ताडून पाहता येते. होल्बेर्ग-मालिकेला असे टिपण नाही. तिच्यामागे कोणी क्नुट दाले नव्हता; होते ते छापील खंड, लायप्झिगची चार वर्षे आणि लोफ्थुसचा एक उन्हाळा.